परत पाण्यात घाला

सबंध कावेरीच्या खोऱ्यात पाण्याला सगळ्यांत जास्त भिणारा माणूस कोण, असं कुणी मला विचारलं तर मी बेधडक माझ्या मामेसासऱ्यांकडे बोट दाखवीन. कुंभकोणमसारख्या गावात, जिथं चारी दिशांनी लोक पाण्यात बुडी मारायला येतात, तिथं जन्माला येऊन हा गृहस्थ बासष्ट वर्षांत घोट्याच्या वर पाण्यात उतरला नव्हता. आंघोळ तांब्यानं, आणि तीही तांब्याकडे संशयानं पाहत. देवळात तीर्थ घेतलं की तळहात लगेच कमरेच्या फडक्यानं कोरडा. पावसाचे चार थेंब पडले की आपल्या मोपेडच्या कार्ब्युरेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधायची, तिच्यावर छत्री धरायची आणि स्वतः मात्र भिजत, शिंकत, देवाचा धावा करत घरी यायचं. आणि गंमत अशी, की या माणसाचं पोट पाण्यावरच चाललेलं. इन्नंबूरच्या वाटेवर त्यांचं शेतीच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करायचं लहानसं वर्कशॉप होतं. आसपासच्या भातखाचरांत पाणी खेळवणारी निम्मी इंजिनं त्यांच्या हाताखालून गेलेली. याचा खुलासा विचारला की म्हणत, "पाणी इंजिनाचे बाहेरून जावें. तोंवर तें लक्ष्मी. आंत शिरलें कीं तेंच वैरी."

त्यांची मराठी ही अशी. मी सांगलीचा. ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला बँकेनं माझी बदली कुंभकोणमला केली, तेव्हा तिथं मराठी बोलणारं कुणी भेटेल असं स्वप्नातही नव्हतं. पहिल्याच महिन्यात गोपीचंदन लावलेले एक गृहस्थ माझ्या काउंटरशी आले आणि माझं आडनाव वाचून म्हणाले, "तुम्ही आमचे मुलुखींचे दिसतां." त्यांचा मुलूख त्यांच्या घराण्यानं तीनशे वर्षांपूर्वी सोडला होता. मला क्षणभर वाटलं, एखादी बखरच उठून पैसे भरायला आली आहे. पुढं त्यांच्या घरी जाणंयेणं झालं, त्यांच्या भाचीशी, ताराशी, माझं लग्न झालं, आणि काउंटरशी आलेले ते गृहस्थ माझे मामेसासरे झाले. ते मला "जांवई" म्हणत आणि मी त्यांना मामा.

मामांना काळजी ही भुकेसारखी लागत असे. दिवसातून ठरलेल्या वेळी, आणि अधूनमधून उगाचच. त्यातली सगळ्यांत मोठी काळजी म्हणजे आवाजांची. रस्त्यानं चालताना मध्येच थांबत, मान वाकडी करत, डोळे मिटत आणि जाणाऱ्या लॉरीचं मरण किती दिवसांवर आलं आहे ते सांगत. ताराला दिवस गेले तेव्हा गर्भरक्षांबिकेचं दर्शन घ्यायला आम्ही तिरुक्करुगावूरला निघालो. बसमध्ये मामा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले आणि दहा मिनिटांत उभे राहिले. "हें इंजिन कण्हतें," असं जाहीर करून त्यांनी आम्हां सगळ्यांना अर्ध्या वाटेत उतरवलं. कंडक्टर हसला, ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे असताना बस ठणठणीतपणे पुढं गेली आणि तासाभरानं तितक्याच ठणठणीतपणे परत आली. तोवर मामांनी एक बैलगाडी ठरवली होती. देवळाच्या अलीकडे फर्लांगभर तिचं चाक निखळलं. ताराला हाताला धरून चालवत नेताना मामा एवढंच म्हणाले, "काय करावें? बैलांचा आवाज मज कळत नाहीं."

असा माणूस एका वर्षी तमिळ आडी महिन्यात, ऐन जुलै-ऑगस्टात, नदीला पूर असताना, घाटावर का धावत आला, हे सांगायचं तर आधी माझ्या मूर्खपणाबद्दल सांगायला हवं.

आडी महिन्याचा अठरावा दिवस म्हणजे तिकडं नदीचा सण. धरणाचं पाणी आलेलं असतं, कावेरी काठोकाठ भरलेली असते. बायका चित्रान्नाचे डबे घेऊन घाटावर येतात, नदीची ओटी भरतात, दिवे सोडतात. नव्या नवऱ्या गळ्यातला हळदीचा दोरा बदलतात. आदल्या वर्षी अशीच एक नवी नवरी शेवाळलेल्या पायरीवरून घसरली आणि गेली. गोविंदन नावाचा आमचा पट्टीचा नावाडी गोल टोपलीसारखी परिसल घेऊन वल्हवत सुटला होता, पण वल्हं ते वल्हं. त्या मुलीच्या हातातला डबा सापडला, मुलगी दुसऱ्या दिवशी चार मैलांवर सापडली. त्यानंतर घाटावरच्या लोकांनी पोहणाऱ्यांचं एक मंडळ काढलं. भाताच्या गिरणीचे मालक पिळ्ळै अध्यक्ष झाले, आणि मी कृष्णेत पोहून वाढलेला म्हणून सेक्रेटरी. पिळ्ळैंचे जावई सिंगापूरला असत. त्यांनी सासऱ्यांच्या शब्दाखातर तिकडून एक वापरलेली पाण्यावरची स्कूटर पाठवली.

ती एका लाकडी खोक्यातून आली. पिवळी, चकचकीत, तोंड माशासारखं, वर बसायला लांबट गादी, खाली मागच्या बाजूनं पाण्याचा झोत सोडणारं यंत्र. बटण दाबलं की सुरू, आणि मनगटाला बांधलेला दोरा ओढला गेला की बंद. परिसल जिथं पाच मिनिटं घेई तिथं ही पंधरा-वीस सेकंदांत पोचणार होती. गावानं तिला हार घातला. मामांनी मात्र लांबूनच पाहिलं. "नदींत इंजिन घालतां?" एवढंच विचारलं आणि दोन दिवस जेवले नाहीत, असं मामी म्हणाल्या.

सणाच्या दोन दिवस आधी, सकाळी, रंगीत तालीम ठरली. घाटावर शेदोनशे माणसं होती. पुस्तिका मी वाचली होती. इंग्रजी पुस्तिका वाचता येणारा मंडळात मीच, त्यामुळे माझा रुबाब वेगळाच होता. त्या पुस्तिकेत लिहिलं होतं, की काठावर ठेवताना आतलं पाणी निघून जावं म्हणून मागच्या बाजूला दोन भोकं आहेत आणि पाण्यात उतरण्यापूर्वी त्यांना बुचं लावावीत. बुचं मी आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हातानं काढली होती. ती माझ्या खिशात होती. सगळं जग पाहत असताना मी मांडी टाकून बसलो, बटण दाबलं, घाटाला एक झोकदार फेरी मारली, मधोमध गेलो आणि थांबून हात हलवला. तेवढं थांबणं नडलं. मागचा भाग जड होऊ लागला. मला वाटलं, लाट असेल. मग माझ्या मांड्यांवर पाणी आलं, मग कमरेवर, आणि मग ते पिवळं तोंड एकदा आकाशाकडे वळून सावकाश खाली गेलं. मी सांगलीचा, पोहून काठाला आलो. ती सिंगापूरची, तळाला गेली.

गोविंदन आणि त्याच्या माणसांनी काथ्याच्या दोरानं तिला तासाभरात ओढून काढलं.  परवा सण होता आणि मी गावाचा एकुलता एक धीर बुडवला होता. पिळ्ळै हात मागं बांधून उभे होते. त्यांच्या डोळ्यांना डोळा द्यायची माझी हिंमत नव्हती. काहीतरी करून दाखवावं, निदान आवाज तरी काढावा, म्हणून मी सुरू करायच्या बटणाकडे हात नेला.

"हात लावूं नक्को!"

सगळा घाट वळला. वरच्या पायरीवर मामा होते. धोतराचा सोगा हातात, एका पायात चप्पल, दुसरी वाटेत कुठंतरी राहिलेली. बाजारात कुणीतरी सांगितलं आणि ते तसेच धावत आले होते. ते पायऱ्या उतरले, पार शेवटच्या कोरड्या पायरीपर्यंत, आणि माझं मनगट धरून मला बाजूला ओढलं.

"बटण दाबलां असतां तर मोडलें असतें," ते धापा टाकत म्हणाले. "आंत अवघें पाणी भरलें आहे. हवा नमते, जांवई. पाणी नमत नाहीं. खालून पिस्टन वर मारी, वर पाणी वाट देत नाहीं. मग मधला दांडा वांकतो. वांकला कीं संपलें."

मग त्यांनी गादी उचलायला लावली, आत डोकावले आणि कमरेचं फडकं सोडून त्यातला स्पार्क प्लगचा पाना काढला. तो पाना ते जेवतानाही कमरेला ठेवत. पण या यंत्राचे प्लग खोल कोनाड्यात बसवलेले होते आणि पाना पोचेना. लांब नळीचा पाना वर्कशॉपमध्ये होता. जाऊन यायला कमीत कमी दोन तास लागणार. मामांनी एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा यंत्राकडे, आणि मग तमिळमध्ये, सगळ्यांना कळेल अशा आवाजात म्हणाले, "हिला परत पाण्यात घाला."

 मग एकच गलका उठला. गोविंदननं दोर जमिनीवर आपटला. तासभर छातीभर पाण्यात राहून त्याच्या हाताची सालटी निघाली होती. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. पिळ्ळै पहिल्यांदाच बोलले, "स्वामी, बुडालेली वस्तू वाळवतात का बुडवतात?"

"लोखंड पाण्याखाली असतं तोवर झोपलेलं असतं," मामा म्हणाले.  "ओल्या लोखंडाला वारा लागला की गंज धरतो. उघडून पुसायला माझे हात पोचतील तेव्हाच ती बाहेर यायला हवी. तोवर बुडालेलीच राहू द्या. गोडं पाणी आहे, काही करणार नाही."

पाण्याला जन्मभर वैरी म्हणणारा माणूस हे सांगत होता, म्हणूनच की काय, पिळ्ळैंनी मान हलवली. यंत्र परत नदीत गेलं, पायऱ्यांशीच, कमरेइतक्या पाण्यात, दोराला बांधून. मामा वर्कशॉपकडे निघाले. निघताना मला जवळ बोलावलं आणि हळूच मराठीत विचारलं, "जांवई, मागें दोन भोकें आहेत. बुचें कोठें?"

मी खिशात हात घातला आणि ती दोन काळी बुचं त्यांच्या तळहातावर ठेवली.  त्यांनी ती पुसली, कमरेच्या फडक्यात बांधली आणि रिक्षात बसले. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. ते दोन तास माझ्या आयुष्यातले सगळ्यांत लांब दोन तास. मी घाटाच्या पायरीवर, पाण्याखालच्या त्या अंधुक पिवळ्या डागाकडे पाहत बसलो होतो. येणाराजाणारा विचारत होता, काय झालं हो, कसं बुडालं? आणि मी "पाणी शिरलं" असं म्हणत होतो, जे खरं होतं आणि जे सांगण्यात काही अर्थ नव्हता.

दुपारी बाराच्या सुमाराला मामा हत्यारांची पेटी, रॉकेलचा डबा, ऑइल, जुन्या सुती साड्यांचे तुकडे, आणि शेगडीसकट मामींना घेऊन आले. यंत्र वर काढून हातगाडीवरून पिळ्ळैंच्या गिरणीच्या अंगणात, भात वाळवायच्या फरशीवर, पडवीच्या छपराखाली नेलं. आता मामांचे हात चालू लागले आणि त्या हातांना काळजी माहीत नव्हती. काळजी सगळी तोंडात. "ऐयो, हें पाहा. ऐयो, हेंही ओलें." पण बोटं एखाद्या सोनाराची. दोन्ही प्लग काढले. सगळ्यांना बाजूला केलं. पिळ्ळैंच्या मोटारीची बॅटरी आणवून जोडली आणि मला म्हणाले, "आतां दाबा."

मी घाबरत बटण दाबलं. दोन्ही भोकांतून पाण्याचे दोन फवारे उडाले, थेट छपराला लागले आणि खाली मामांच्या डोक्यावर आले. गोपीचंदन ओघळून नाकावर आलं. बासष्ट वर्षं पाण्याला चुकवलं, आणि शेवटी गाठलं ते इंजिनाच्या पोटातल्या पाण्यानं.  मामा डोळे मिटून ऐकत होते. "दांडा सरळ आहे," ते म्हणाले, आणि मगच तोंड पुसलं.

मग पुढचे पाच तास. पेट्रोलची टाकी रिकामी केली, ते पेट्रोल काचेच्या बाटलीत भरलं, तर तळाशी दोन बोटं पाणी वेगळं दिसू लागलं. कार्ब्युरेटर उतरवले, उघडले, वाटीवाटी पुसली. विजेच्या तारांची पेटी उघडली, तारा धुतल्या, मामी विंझण्यानं वारा घालत बसल्या. भोकांतून रॉकेल आणि ऑइल आत सोडायचं, इंजिन फिरवायचं, फवारा उडवायचा, परत सोडायचं. पांढरं येतं तोवर पाणी आहे, निव्वळ ऑइल आलं की गेलं. प्लग मामींच्या शेगडीवर पापडासारखे उलटसुलट भाजत ठेवले होते. तारानं दहीभात आणला. तो मामांनी हात ऑइलचे म्हणून तिच्याच हातून खाल्ला, तान्ह्या मुलासारखा, नजर इंजिनावर ठेवून.

प्लग तापत होते तेवढ्या वेळात त्यांनी मला कोपऱ्यात, भाताच्या पोत्यांवर बसवलं. मला वाटलं, आता बुचांचा हिशेब होणार. पण ते आपल्याच पायांकडे पाहत बोलू लागले.

"वर्कशॉप घातलें त्याचे दुसरे वर्षीं मोठा पूर आला. शेतकऱ्यांचीं अकरा इंजिनें मजकडे होतीं. अवघीं बुडालीं. पाणी ओसरलें. मी काय केलों? बाहेर काढलों, पुसलों, उन्हांत ठेवलों. ओळीनें. लोक म्हणाले, काय चोख ठेविलें आहे! मी पण म्हटलों, काय चोख! सहावे दिवशीं उघडलों. आंत कुंकवासारखा लाल गंज. एकही फिरलें नाहीं. पुढें पाऊस गेला. पूर येऊन गेलेल्या खाचरांत रोप लावलें होतें, तें पाण्यावांचून उभें वाळलें. इन्नंबूरचा एक म्हातारा आला. शिव्या दिला असता तर बरें. कांहीं बोलला नाहीं. आपलें इंजिन गाडींत घातला आणि गेला. मज ठाऊक नव्हतें, जांवई. पण ठाऊक नव्हतें म्हणून रोप वाचतें काय?"

मी विचारलं, पिळ्ळैंना आत्ता जाऊन सांगू का, की चूक माझी होती.

"सांगणें तर आहेच," ते म्हणाले. "पण अठरा होऊन जाऊं दे. आज सांगितलां तर परवां कोणी त्या यंत्रावर बसणार नाहीं. मग सांगा. न सांगतां राहूं नका. मी त्या म्हाताऱ्यास शेवटवर सांगितलों नाहीं कीं चूक मजकडून झाली. पुराचें नांव सांगितलों."

संध्याकाळ होत आली होती. प्लग बसवले, ताजं पेट्रोल-ऑइल भरलं. आता आणखी एक अडचण होती. हे इंजिन थंड राहायला नदीचंच पाणी ओढून घेतं. जमिनीवर चालवायचं तर नळीनं पाणी द्यावं लागतं, आणि तेही ठरावीक क्रमानं. पुस्तिका मी तीनदा वाचून दाखवली: आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलटं झालं तर नळीचं पाणी इंजिनात शिरणार आणि दिवसभराची मेहनत परत बुडणार. सकाळची गोष्ट आठवून मामांनी मला तेच वाक्य चौथ्यांदा वाचायला लावलं आणि नळाच्या चावीवर मला न ठेवता ताराला ठेवलं. मला ते रास्तच वाटलं.

पहिल्यांदा खोकलं आणि मेलं. दुसऱ्यांदा नुसतं खोकलं. तिसऱ्यांदा पांढरा धूर. चौथ्यांदा काहीच नाही. मामांनी प्लग परत काढले, पुसले, परत बसवले. त्यांचे ओठ हलत होते. पाचव्यांदा मी बटण दाबलं आणि गिरणीच्या अंगणातली सगळी कबुतरं एकदम उडाली. यंत्र ओरडत होतं, धूर ओकत होतं, थरथरत होतं, पण चालत होतं.

"पाणी!" मामा ओरडले. "पाणी! पाणी सोड, तारा! पाणी!"

लग्नापासून दहा वर्षांत या माणसाच्या तोंडून इंजिनात जाणाऱ्या पाण्याबद्दल मी एक चांगला शब्द ऐकला नव्हता. आणि आता ते दोन्ही हात वर करून, एखादा शेतकरी आभाळाला हाक मारतो तसे, इंजिनासाठी पाणी मागत होते.

दुसऱ्या दिवशी पाण्यात चाचणी झाली. बुचं मामांनी स्वतः लावली, गोविंदननं ओढून पाहिली, मी ओढून पाहिली आणि पिळ्ळैंनी, कारण न विचारता, ओढून पाहिली.

अठराव्या दिवशी सकाळपासून घाट पिवळा-हिरवा झाला होता. बायका, पोरं, हळद, फुलं, पानांवरचे दिवे. यंत्रावर गोविंदन होता आणि पायरीशी मामा, गुडघाभर पाण्यात. कुणी सांगितलं नव्हतं. आदल्या संध्याकाळीच ते मला म्हणाले होते, की ओलं लोखंड दर अर्ध्या तासानं फिरवून गरम करावं लागतं, ते कुणावर सोपवता येणार नाही. सकाळी सहापासून ते तसे उभे होते, धोतर वर खोचून, चेहरा भीतीनं राखेसारखा. दर अर्ध्या तासानं गोविंदनला खूण करत. इंजिन सुरू, दोन मिनिटं, बंद. लोक हसत. मला हसू येत नव्हतं. 

दुपारी तीनच्या आसपास खालच्या बाजूला आरडाओरडा झाला. एका म्हाताऱ्या बाईचा पाय सटकला होता आणि तिला धरायला वाकलेली सूनही तिच्याबरोबर गेली होती. दोघींचे हात एकमेकींत घट्ट, आणि नदी त्यांना मधल्या धारेकडे ओढत होती. गोविंदननं बटण दाबलं. कट्-कट्-कट् झालं. सुरू झालं नाही.

मी पाण्यात उडी टाकली होती, पण मला कळत होतं की मी पोचणार नाही. मागं वळून पाहिलं, तर मामांनी यंत्राच्या पोटावर दोन्ही तळहात ठेवले होते, जसे तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात. ते गोविंदनला म्हणाले, "घाई करू नकोस. सोड बटण. श्वास घे. आता दाब."

सुरू झालं.

ते पिवळं तोंड माझ्या बाजूनं सूं करून गेलं. त्या लाटेनं मी दोन घोट पाणी प्यालो. गोविंदननं सासूचा दंड धरला, सुनेनं सासूचा हात सोडला नाही, आणि तसेच तिघं काठाला लागले. घाटावर रडणं, हसणं, देवाचं नाव, सगळं एकदम चालू होतं. मामा मात्र त्या बायकांकडे पाहत नव्हते. मान वाकडी करून ते इंजिनाचा आवाज ऐकत होते, शेवटपर्यंत, गोविंदननं बंद करेपर्यंत. मग त्यांना एकदम आपण कुठं उभे आहोत ते दिसलं असावं. ते घाईघाईनं पायऱ्या चढले, म्हातारीजवळ गेले, कमरेचं ते फडकं सोडलं, ज्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मी पाहिला नव्हता, आणि तिला तोंड पुसायला दिलं. तिच्या तोंडाला ऑइल लागलं. तिला त्याचं काही वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी मी पिळ्ळैंना बुचांचं सांगितलं. ते रागावले, चांगलेच रागावले. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत आणि माझं सेक्रेटरीपद काढून घेतलं. योग्यच केलं. पुढल्या आडीच्या आधी आठवडाभर त्यांचा माणूस घरी आला. सेक्रेटरी म्हणून नव्हे, पण पाण्यात उतरणारा म्हणून या, असा निरोप होता. मी गेलो. यंत्र आणखी तीन वर्षं चाललं, दर आडीला मामांच्या हातून उघडून, पुसून, भाजून. मग आतलं काहीतरी झिजलं, तसा भाग तिकडं मिळेना, आणि मंडळानं दोन जादा परिसली घेतल्या. मामांना वाईट वाटलं असेल, पण ते म्हणाले, "बरें झालें. वल्ह्यांत पाणी शिरत नाहीं." त्यानंतरही ते सणाच्या दिवशी घाटावर येत राहिले. आता पुसायला काही नव्हतं, तरी येत.

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला माझी बदली कोल्हापूरला झाली. मामा पत्रं लिहिणारे नव्हते. पण दर वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर एक पोस्टकार्ड येई. मराठी, पण तमिळ अक्षरांत लिहिलेलं, कारण त्यांना तेवढंच लिहिता येत असे. ते मला वाचता येत नसे, तारा वाचून दाखवी. मजकूर चार ओळींचा. नदीला पाणी किती होतं, कुठल्या पायरीवर शेवाळ जास्त होतं, गोविंदनचा गुडघा कसा आहे. आणि शेवटची ओळ दर वर्षी एकच: अवघे घरीं पोंचले.

तिसऱ्या वर्षीचं कार्ड उशिरा आलं. अक्षर मामींचं होतं. तारानं उभ्या उभ्या वाचायला घेतलं. यंदा पाणी उशिरा सुटलं. गर्दी बेताची होती. गोविंदनला आता नात झाली. हे दारात खुर्ची टाकून दिवसभर बसले होते, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला घाटावरचं विचारत होते. दिवेलागणीला गोविंदन स्वतः येऊन सांगून गेला, तेव्हा आत येऊन निजले. अवघे घरीं पोंचले.

तारा तिथं थांबली. कार्डावर खाली आणखी दोन ओळी होत्या, मला दिसत होत्या. कार्ड मामींनी का लिहिलं ते त्यांत असणार, म्हणून मी तिला पुढं वाच म्हणालो नाही. तिनं कार्ड उलटं धरलं, खुर्चीत बसली आणि बराच वेळ माझ्याशी तिच्या मामांच्या मराठीत बोलत राहिली.